फोर्कलिफ्ट निवडायची? आधी खिशात टेप ठेवा

"किती टनाची पाहिजे?" फोर्कलिफ्टसाठी कुणालाही फोन लावा, विकणारा असो की भाड्याने देणारा, पलीकडून पहिला प्रश्न हाच येतो. चाकण-भोसरी पट्ट्यात स्टोअरला नवीन लागलेला माणूस इथेच गडबडतो आणि "तीन टन" सांगून मोकळा होतो. तीन टन सांगितलं की कुणी हसत नाही, आणि उद्या गाडी कमी पडली म्हणून बोलणीही खावी लागत नाहीत.

मीही तेच सांगितलं होतं. भोसरीतली जुनी शेड, पुढे रस्ता अरुंद. गाडी ट्रेलरवरून उतरली, ऑपरेटरने थाटात दारापर्यंत आणली आणि ब्रेक दाबला. शटरची उंची आम्ही जुन्या कागदावरून घेतली होती. प्रत्यक्षात शटर पूर्ण वर गेलं तरी त्याची खालची पट्टी गुंडाळीतून वीतभर खाली लोंबायची. गाडीचा डोक्यावरचा गार्ड बरोबर चार बोटं अडत होता. कुणीतरी म्हणालं, टायरमधली हवा काढा. टायर सॉलिड होते. पुढचे नऊ दिवस गाडी बाहेर ताडपत्रीखाली उभी राहिली, भाडं चालू राहिलं आणि आत हँड पॅलेट ट्रकवर पोरांची ढकलाढकल चालू राहिली.

तेव्हापासून टनाचा आकडा मी सगळ्यात शेवटी सांगतो. आधी माल, मग वाट, मग उंची, मग दिवसाचे तास. हे चार कागदावर आले की गाडीचा प्रकार जवळजवळ आपोआप ठरतो. पाच मीटरचा टेप, एक खडू आणि जमिनीवर बसायची तयारी एवढंच सामान लागतं.

पायरी १: माल मोजा, आणि नुसतं वजन नको

दिवसभरात जे उचलायचं आहे त्यातले तीन नग निवडा: सगळ्यात जड, सगळ्यात लांब आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा. तिन्हींचं वजन काट्यावर करा. पार्टच्या ड्रॉइंगवरचं वजन गुणिले नग हा हिशेब चालत नाही, कारण त्यात लोखंडी बिन धरलेलाच नसतो, आणि तो एकटाच शंभर किलोच्या घरात जातो.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडीवर "३००० किलो" लिहिलेलं असतं ते एका अटीवर लिहिलेलं असतं. फोर्क म्हणजे माल उचलणारे पुढचे दोन दांडे; त्यांच्या उभ्या तोंडापासून मालाचा गुरुत्वमध्य ५०० मिलिमीटरवर असेल, तरच ते तीन हजार. या अंतराला लोड सेंटर म्हणतात. पाच टनांच्या आतल्या बहुतेक गाड्यांना हे ५०० असतं, त्यापुढच्या मोठ्या गाड्यांना ६०० किंवा जास्त. एक मीटर खोलीचं पॅलेट, म्हणजे माल ठेवायचा फळ्यांचा पाट, नीट आतपर्यंत टेकवून घेतलं की त्याचा मध्य ५०० वर येतो. पेटी १६०० मिलिमीटर खोल असेल तर मध्य गेला ८०० वर.

शाळेतली तरफ आठवा. पुढची चाकं म्हणजे टेकू, मागचं लोखंडी वजन म्हणजे काउंटरवेट एका बाजूला, माल दुसऱ्या बाजूला. माल टेकूपासून जितका लांब, तितका तो जड पडणार. हिशेब असा: पुढच्या चाकांच्या मध्यापासून फोर्कच्या तोंडापर्यंतचं अंतर समजा ४८० मिलिमीटर आहे. मग ३००० ला ४८० अधिक ५००, म्हणजे ९८० ने गुणा आणि ४८० अधिक ८००, म्हणजे १२८० ने भागा. उत्तर येतं साधारण २३००. तीन टनांची गाडी त्या पेटीसाठी २.३ टनांची झाली. वजन एक किलोनेही वाढलेलं नाही, तरी सातशे किलो गेले. हा अंदाजाचा हिशेब आहे, अंतिम आकडा कंपनीकडूनच घ्यायचा. पण फोनवर बोलताना समोरचा माणूस काय दडवतोय ते एवढ्यावरून कळतं.

हे मला कळलं ते एका प्रेस शॉपमध्ये. डायवर, म्हणजे प्रेसच्या जड साच्यावर, खडूने १९०० लिहिलेलं, गाडी दोन टनांची. कागदावर शंभर किलोची शिल्लक. पण डाय चौदाशे मिलिमीटर लांब आणि जागा अशी की ती लांबीकडूनच उचलावी लागत होती. मामांनी, म्हणजे आमच्या ऑपरेटरने, लिव्हर ओढला. डाय जमिनीवरून दोन बोटं उचलली गेली आणि मागची चाकं हलकेच वर आली. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, दोन पोरं मागं बसवा, जाईल." आणि पोरं खरोखर पुढे सरसावली, म्हणजे हे नेहमीचंच होतं. वरचाच हिशेब त्या गाडीला लावला तर सातशेच्या लोड सेंटरला तिची क्षमता साडेसोळाशेच्या आसपास भरते. काउंटरवेटवर माणसं बसवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. गाडी घसरली किंवा माल सुटला की मागचं टोक धाडकन खाली येतं आणि माणूस सापडतो. शिवाय मागे वजन टाकून पुढचा मास्ट (फोर्क ज्यावर वरखाली सरकतात तो उभा सांगाडा), साखळ्या आणि अॅक्सल यांची ताकद वाढत नाही. डाय खाली ठेवली, दुसऱ्या दिवशी मोठी गाडी मागवली.

माल मोजताना पॅलेट उलटं करून तळही बघा. आपल्याकडे १२०० बाय १००० चं पॅलेट सर्रास दिसतं, पण तळ प्रत्येकाचा वेगळा. काहींना खाली चारी बाजूंनी फळ्या असतात. काउंटरबॅलन्स गाडीला, म्हणजे मागे वजन असलेल्या नेहमीच्या फोर्कलिफ्टला, त्याचं काही वाटत नाही, तिचे फोर्क नुसते आत जातात. हाताने ओढायचा हँड पॅलेट ट्रक आणि साधा स्टॅकर, म्हणजे चालत चालवायची छोटी उचलगाडी, यांचं तसं नाही. त्यांची पुढची छोटी चाकं पॅलेटच्या खाली जमिनीवर टेकावी लागतात. तळाला आडवी फळी आली की चाकं तिच्यावर चढतात, पॅलेट मोडतं नाहीतर उचललंच जात नाही. गिऱ्हाईक प्लॅस्टिक पॅलेट पाठवणार असेल तर एक नमुना आधी मागवून घ्या.

पायरी २: वाट मोजा

ट्रक जिथे उभा राहतो तिथपासून माल जिथे ठेवायचा तिथपर्यंत एकदा चालत जा. गाडी काय काय ओलांडणार ते लिहीत जा: गटाराची जाळी, उंबरा, रॅम्प, वळण, खांब, शटर.

दारं आणि शटर प्रत्यक्ष टेपने मोजा, पूर्ण उघडून, सगळ्यात खालच्या लोंबत्या भागापर्यंत. गाडीचे दोन आकडे त्याच्याशी ताडून बघायचे: मिटलेल्या मास्टची उंची आणि ओव्हरहेड गार्डची उंची. बरेच जण फक्त मास्ट बघतात. तीन टनांच्या साध्या डिझेल गाडीत दोन्ही दोन मीटरच्या थोडे पुढेच असतात, आणि कधी कधी गार्डच जास्त उंच असतो.

मग गल्ली. रॅकमधल्या दोन ओळींत गाडीला काटकोनात वळून पॅलेट ठेवता आलं पाहिजे. त्याचा सोपा हिशेब: गाडीची वळण्याची त्रिज्या, अधिक पुढच्या चाकापासून फोर्कच्या तोंडापर्यंतचं अंतर, अधिक पॅलेटची खोली, अधिक २०० मिलिमीटर मोकळी जागा. पहिले दोन आकडे गाडीच्या माहितीपत्रकात असतात. तीन टनांच्या डिझेल गाडीला अशी चार ते सव्वाचार मीटर गल्ली लागते. तीन चाकी छोट्या बॅटरी गाडीला सव्वातीन-साडेतीन, रीच ट्रकला पावणेतीन ते तीन, चालत चालवायच्या स्टॅकरला सव्वादोन-अडीच. या प्रकारांची ओळख पायरी ४ मध्ये. गल्ली मोजताना रॅकच्या खांबापासून खांबापर्यंत मोजू नका. पॅलेट बाहेर आलेलं असतं, तिथून मोजा.

जमीन ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. तीन टनांची गाडी स्वतः साडेचार टनांच्या आसपास असते. माल घेतल्यावर साडेसात टन, आणि त्यातलं बहुतेक वजन पुढच्या दोन चाकांवर. मेझनाइनवर म्हणजे अर्धमजल्यावर, जुन्या स्लॅबवर, डॉक आणि ट्रक जोडणाऱ्या डॉक लेव्हलरवर किंवा ट्रकच्या पाटात ही गाडी घालण्याआधी ते वजन पेलणार आहे का, हे ज्याला खरंच माहीत आहे त्याला विचारा. ट्रकमध्ये गाडी घालायचीच नसेल तर काम बाजूचे फाळके उघडून होतं. बंद बॉडीचा ट्रक असेल तर मागून पॅलेट ठेवायचं आणि आत हँड पॅलेट ट्रकने सरकवायचं. ही जोडगोळी अर्ध्या चाकणमध्ये चालते, आणि चांगली चालते.

बाहेरचं आवार पेव्हर ब्लॉकचं असेल तर रीच ट्रक आणि स्टॅकर त्यावर आणायचे नाहीत. त्यांची चाकं लहान आणि कडक, पेव्हरच्या फटीत खडखडतात, माल हलतो. आणि हे सगळं मे महिन्यात मोजत असाल तर जुलैत एकदा पुन्हा बघा. तळेगावकडच्या पावसात मुरमाचं आवार दोन दिवसांत चिखल होतं, आणि सॉलिड टायरची जड गाडी त्यात रुतली की तिला काढायला दुसरी गाडी लागते.

रॅम्प असेल तर त्याची लांबी आणि चढ दोन्ही मोजा. भरलेली गाडी चढताना माल पुढे, उतरताना मात्र गाडी उलटी घ्यायची, म्हणजे माल कायम चढाच्या बाजूला राहतो. रिकाम्या गाडीचं उलट: फोर्क उताराच्या बाजूला. रॅम्पवर वळायचं नाही, कुठल्याही गाडीने.

पायरी ३: उंची मोजा

वरच्या कप्प्याच्या बीमची उंची घ्या आणि त्यात दोनशे मिलिमीटर मिळवा. फोर्क तिथपर्यंत जायला हवेत. मग छताकडे बघा. फोर्क तीन मीटरवर गेले की मास्टचं आणि लोड बॅकरेस्टचं, म्हणजे मालामागच्या जाळीचं, टोक चार मीटरच्याही वर जातं. तिथे ट्यूबलाइट, केबल ट्रे, स्प्रिंकलर काय आहे?

मास्ट साधारण दोन टप्प्यांचा किंवा तीन टप्प्यांचा मिळतो, दुकानाच्या भाषेत डुप्लेक्स आणि ट्रिप्लेक्स. ट्रिप्लेक्स मिटल्यावर बुटका आणि उघडल्यावर उंच, म्हणून दार ठेंगणं आणि रॅक उंच असेल तिथे तोच. किंमत जास्त, आणि समोरचं दिसणं थोडं कमी.

यातला नवख्यांना न कळणारा शब्द म्हणजे फ्री लिफ्ट. मास्टचं टोक वर न सरकता फोर्क किती वर जाऊ शकतात, ते अंतर. साध्या मास्टमध्ये हे वीतभरच असतं, त्यानंतर मास्ट वाढायला लागतो. न्हावा शेवा बंदराला जाणारा कंटेनर तुमच्या आवारात भरत असाल तर हा शब्द पाठ करा. साध्या कंटेनरच्या दाराची उंची २.२८ मीटर आणि आतली २.३९, हाय क्यूबचं, म्हणजे जास्त उंच कंटेनरचं, दार २.५८. आत शिरून दुसरा थर लावायचा तर मास्ट मिटलेलाच राहिला पाहिजे आणि फोर्क वर गेले पाहिजेत. म्हणजे पूर्ण फ्री लिफ्ट हवी. नाहीतर पहिलं पॅलेट ठेवून दुसरं उचलताना मास्ट कंटेनरच्या छताला भिडतो, आणि खोक्याला पोचा पडला की त्याचं बिल येतं. ट्रेलरवरचा कंटेनर जमिनीपासून दीड मीटरभर वर असतो हेही लक्षात ठेवा. डॉक नसेल तर सरकता रॅम्प लागणार.

उंचीबरोबर क्षमताही घसरते. मास्टजवळ किंवा केबिनमध्ये जी प्लेट असते ती या बाबतीत गाडीची कुंडली आहे: किती उंचीला, किती लोड सेंटरला, किती किलो. बॅटरीची गाडी असेल तर बॅटरीचं किमान वजनही तिथे असतं. प्लेट रंगाखाली गेलेली किंवा गायब असेल तर ती गाडी घेऊ नका, भाड्यानेही नको.

पायरी ४: आता गाडी निवडा

माल, वाट, उंची झाली; गाडी दिवसात किती तास चालणार तेही लिहा, की हातात चार आकडे आले. आता बाजाराकडे वळा.

माल जमिनीवरूनच हलवायचा, उंच काही ठेवायचं नाही, अंतर पन्नास-साठ पावलं: हँड पॅलेट ट्रक घ्या आणि वाचलेल्या पैशांत आणखी एक घ्या. अडीच टन ओढतो, फोर्क खाली ८५ मिलिमीटर आणि वर २०० पर्यंत. पण अडीच टन ओढतो म्हणजे माणूस अडीच टन ओढतो हे विसरू नका. टन-सव्वा टनाच्या पुढे आणि दिवसभर काम असेल तर बॅटरीवर चालणारा, ज्याला सगळे बीओपीटी (बॅटरी ऑपरेटेड पॅलेट ट्रक) म्हणतात, तो हवा. पाठी वाचतात.

थोडं उंच, अडीच-तीन मीटरपर्यंत, आणि दिवसात वीस-पंचवीस पॅलेट: स्टॅकर. अर्ध-बॅटरीचा म्हणजे उचलायला बॅटरी आणि ढकलायला माणूस. पूर्ण बॅटरीचा दोन्ही करतो. छोट्या फार्मा किंवा फूड गोदामाला हा पुरून उरतो. नवी माणसं थेट फोर्कलिफ्टकडे धावतात आणि स्टॅकरकडे बघतच नाहीत, हे मला नेहमी खटकतं.

काउंटरबॅलन्स म्हणजे डोळ्यांसमोर जी येते तीच फोर्कलिफ्ट. पुढे माल, मागे लोखंडाचं वजन. ट्रक खाली करणं, आवारात फिरणं, रॅम्प, डाय हलवणं, सगळं करते, म्हणून एकच गाडी घ्यायची असेल तर हीच. हिचा तोल कसा राहतो ते समजायला जमिनीवर खडूने त्रिकोण काढा: पुढची दोन चाकं ही दोन टोकं, मागच्या अॅक्सलचा मध्य हे तिसरं. गाडी आणि माल यांचा मिळून गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे तोवर गाडी उभी. माल वर नेऊन वळलात, वर असताना पुढे टिल्ट केलात किंवा खड्ड्यात चाक गेलं, की तो मध्य कडेकडे सरकतो. मागच्या चाकांनी वळणारी गाडी असल्याने शेपूट बाहेर फेकलं जातं, हेही कारवाल्यांना पहिल्या दिवशी कळत नाही.

रीच ट्रक गोदामाचा प्राणी. याचा मास्ट पुढे सरकून पॅलेट रॅकमध्ये ठेवतो आणि माल घेऊन पुन्हा पायांच्या मध्ये येतो, म्हणून अरुंद गल्लीत मावतो. दहा-बारा मीटरपर्यंत जाणारे मिळतात. वाघोली किंवा चाकणच्या नव्या उंच गोदामांत हाच दिसेल. सपाट, गुळगुळीत, कोरडी फरशी ही त्याची अट. ट्रक खाली करायला तो उपयोगाचा नाही, म्हणजे दारात एक काउंटरबॅलन्स लागतेच. नावाचा घोळ करू नका: रीच स्टॅकर हा वेगळा, कंटेनर डेपोत भरलेले डबे उचलणारा अजस्र प्राणी आहे. एकदा आमच्या खरेदीवाल्याने चुकून त्याचं कोटेशन मागवलं होतं. आलेला आकडा बघून तो खुर्चीवरून उठला.

गल्ली दोन मीटरच्याही खाली असेल तर व्हीएनए (व्हेरी नॅरो आइल), म्हणजे अति अरुंद गल्लीचा ट्रक. पण त्याला जमीन मिलिमीटरमध्ये सपाट लागते, आणि तो सहसा गोदामाच्या आराखड्याबरोबरच ठरतो. चालू शेडमध्ये नंतर बसवायची गोष्ट नाही. ऑर्डर पिकरमध्ये माणूसच वर जातो आणि एकेक खोकं काढतो, पॅलेट हलवायची नसते.

पाइप, सळई, लाकूड असा सहा मीटर लांब माल असेल तर साध्या फोर्कलिफ्टला गल्लीच सहा मीटरहून रुंद लागते. तिथे साइड लोडर किंवा चारी दिशांना चालणारी गाडी बघा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या बोळात उभं राहून बघा, मग पटेल. बांधकामाच्या चिखलात मोठ्या टायरची रफ टेरेन गाडी किंवा लांब होणाऱ्या हाताचा टेलिहँडलर. आणि माल पॅलेटवर नसून त्याला हूक असेल, मशीन किंवा टाकी असेल, तर हायड्रा, म्हणजे चालती क्रेन, बोलवा. फोर्कला पट्टा बांधून लटकवणं हा खेळ ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर करावा. मी करत नाही.

पायरी ५: डिझेल की बॅटरी

बाहेरचं काम, रॅम्प, लांब पल्ला, पाऊस: डिझेल. बंद शेड, अन्न, औषधं, पॅकिंग: बॅटरी. बंद शेडमध्ये डिझेल गाडी दिवसभर चालली की संध्याकाळी खोक्यांवर बोट फिरवून बघा, काजळी दिसते. जी खोक्यांवर दिसते ती माणसांच्या छातीतही गेलेली असते. रंग, थिनर, सॉल्व्हंटच्या जागेत यातली साधी कुठलीच गाडी चालत नाही. तिथे फ्लेमप्रूफ गाडी लागते आणि तिची मंजुरी पेसोकडून, म्हणजे स्फोटक सुरक्षेच्या केंद्र सरकारी संस्थेकडून, असते.

बॅटरीत दोन जाती. लेड अॅसिड स्वस्त, पण तिचं वेळापत्रक पाळावं लागतं: साधारण आठ तास काम, आठ तास चार्जिंग, मग थंड व्हायला वेळ. दोन शिफ्ट असतील तर दोन बॅटऱ्या आणि त्या बदलायची सोय. वीस टक्क्यांच्या खाली उतरवायची नाही. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी नाही. आधी घातलं तर चार्ज होताना अॅसिड वर येऊन सांडतं. चार्जिंगच्या जागी हवा खेळती हवी, कारण हायड्रोजन निघतो, आणि तिथे विडी ओढणारा पहिला दिसला की हाकलायचा. आठवड्याचा लांब इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर आणणारा, आपल्याकडे सोपा आहे. पुण्याच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारी, तेव्हा बुधवारी रात्री लावून द्यायचा.

लिथियम महाग, पण चहाच्या सुट्टीत वीस मिनिटं लावली तरी चालते, पाणी नाही, बॅटरी बदलणं नाही. दोन-तीन शिफ्ट असतील तर गणित तिच्याच बाजूने जातं. एक सावधगिरी: काउंटरबॅलन्स गाडीत बॅटरीचं वजनही तोलाचा भाग असतं. जुन्या गाडीत लेड अॅसिड काढून हलकी लिथियम टाकली आणि वजन भरून काढलं नाही, तर गाडीची क्षमता गुपचूप कमी होते. प्लेटवर बॅटरीचं किमान वजन लिहितात ते यासाठी.

टायरचं थोडक्यात: काच, चुरा, धातूचा भुगा पडणाऱ्या शॉपमध्ये सॉलिड, खडबडीत आवारात हवेचे, फरशीवर काळे ओरखडे चालत नसतील तिथे नॉन-मार्किंग.

फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा साइड शिफ्टर मात्र जवळपास सगळ्यांनी घ्यावा, पॅलेट जागेवर बसवायला गाडी तीनदा मागेपुढे करावी लागत नाही. ड्रम, कागदाचे रोल, गाठी यांसाठी वेगवेगळे क्लॅम्प मिळतात. कुठलीही जोडणी लावली की ती स्वतःचं वजन आणते आणि माल पुढे ढकलते, म्हणजे क्षमता घटते. जोडणीसकटची नवी प्लेट कंपनीकडून मागून घ्या.

पायरी ६: विकत, भाड्याने की जुनी

दिवसाला दोन तासांच्या आत काम असेल किंवा काम वर्षभर टिकेल याची खात्री नसेल तर भाड्याने घ्या. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: महिन्याला किती तास धरलेत, बंद पडली तर किती वेळात दुसरी गाडी येणार, आणि ऑपरेटर कोणाचा. "लगेच पाठवतो" याला अर्थ नाही. संध्याकाळी सहाला तळेगाव चौकात अडकलेला सर्व्हिसवाला लगेच म्हणजे कधी पोहोचणार?

जुनी घेताना रंगावर जाऊ नका. फोर्कच्या कोपऱ्यात, जिथे आडवा भाग उभ्याला मिळतो तिथे, कॅलिपर लावा. मूळ जाडीच्या दहा टक्के झिजला असेल तर फोर्क बदलायचाच, कारण तेवढ्या झिजेने ताकद वीसेक टक्के जाते. दोन्ही फोर्कची टोकं एका उंचीवर आहेत का बघा. साखळ्या सारख्या ताणलेल्या आहेत का, मास्टच्या पट्ट्यांत वेल्डिंगचे डाग आहेत का, सिलिंडरवर तेलाची ओल आहे का. तासांचं मीटर तीन हजार दाखवतंय आणि पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालंय, तर खरं कोण बोलतंय ते उघड आहे.

पायरी ७: कागद आणि माणूस

गाडी फक्त कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवारात चालणार असेल तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून ती बाहेर राहते. पण तुमचे दोन प्लॉट रस्त्याच्या दोन बाजूंना असतील आणि गाडी दिवसातून दहा वेळा रस्ता ओलांडत असेल, तर ती सूट गृहीत धरू नका. आरटीओला विचारून घ्या. वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून उचलणाऱ्या यंत्रांची तपासणी करून प्रमाणपत्र ठेवणं ही कारखान्यांची जुनी शिस्त आहे. त्यात फोर्कलिफ्टही धरा.

ऑपरेटर कार चालवतो म्हणून गाडी देऊ नका. प्रशिक्षण, लेखी परवानगी, आणि किल्ली एकाच माणसाकडे. पट्टा बांधायला लावा. बसून चालवायची काउंटरबॅलन्स कलंडायला लागली तर माणसाला उडी मारावीशी वाटते, आणि उडी मारणाराच गार्डखाली सापडतो. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि कलंडणाऱ्या दिशेच्या उलट बाजूला झुकायचं. हे त्याला एकदा उभ्या गाडीत बसवून करून दाखवा, सांगून कळत नाही.

पायरी ८: डेमो

सही करण्याआधी गाडी तुमच्या शेडमध्ये आणायला सांगा. शोरूमच्या पटांगणात सगळ्याच गाड्या नाचतात. तुमच्या सगळ्यात अडचणीच्या गल्लीत, सगळ्यात वाईट पॅलेटवर, तुमच्या ऑपरेटरला चालवायला द्या. विकणाऱ्याच्या माणसाला बाजूला चहा पाजा. शटरखालून न्या. वरच्या कप्प्यात ठेवून परत काढा. मामा काही न बोलता तीनदा मागेपुढे करत असतील तर वही काढा आणि गल्ली पुन्हा मोजा.

शेवटी प्लेटच्या हद्दीतलं जड पॅलेट दीड-दोन मीटर वर घ्या आणि लिव्हर सोडून द्या; माल जागेवर टिकतो का ते बघायचं आहे. मास्टवर फोर्कच्या कॅरेजच्या, म्हणजे फोर्क ज्याला अडकवलेले असतात त्या चौकटीच्या, रेषेत खडूने खूण करा, खाली कुणाला उभं राहू देऊ नका, आणि दहा मिनिटांनी येऊन बघा. कॅरेज खुणेच्या किती खाली आलंय ते टेपने मोजून डेमोच्या कागदावर लिहा, आणि विकणाऱ्याची त्यावर सही घ्या.